सोडणें आणि तोडणें

परक्या भाषेंतील मोठमोठीं पदें शिकविणें सोपें असतें. कठीण जातें तें लहानसहान क्रियापदांचें मर्म विद्यार्थ्याच्या गळीं उतरविणें. मोठें पद आलें कीं विद्यार्थी सावध होतो, कोश उघडतो, अर्थ वहींत टिपून घेतो. लहान क्रियापद मात्र ओळखीच्या पाहुण्याप्रमाणें सरळ माजघरापर्यंत येतें, आणि त्याची विचारपूस करावी असें कोणासहि वाटत नाहीं. एका तालुक्याच्या गांवीं तीस-बत्तीस वर्षें इंग्रजी आणि संस्कृत हे दोन विषय शिकवितांना ज्या क्रियापदांनीं आम्हांस वारंवार थांबविलें, त्यांत ‘डिटॅच’ हें एक होय. त्याच्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें योजिलें आहे. विषय व्याकरणाचा दिसला तरी तो व्याकरणापाशींच संपत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

कोशांत पाहिलें तर ‘डिटॅच’ म्हणजे वेगळें करणें, अलग करणें, सुटें करणें असे अर्थ मिळतात. ते बरोबर आहेत, पण अपुरे आहेत. कारण ‘सेपरेट’ म्हणजेहि वेगळें करणें, ‘रिमूव्ह’ म्हणजेहि काढून वेगळें करणें, आणि ‘सेव्हर’ म्हणजेहि तोडून वेगळें करणें. मग या भावंडांत ‘डिटॅच’ कोठें बसावयाचें? वर्गांत आम्ही एक साधा प्रयोग करीत असूं. वहीचें एक पान टर्रकन् फाडून दाखवावें; आणि मग पावतीपुस्तकांतील एक पावती छिद्रांच्या रेघेवरून हलकेच काढून दाखवावी. वहीच्या पानाची कड वेडीवांकडी होते, आणि त्याच्या जोडीचें पलीकडचें पान शिवणींतून ढिलें होऊन लोंबूं लागतें. पावती मात्र निघाली तरी पुरी पावतीच असते, आणि तिची स्थळप्रत पुस्तकांत जागच्या जागीं शाबूत राहते. पहिली क्रिया ‘टेअर’, दुसरी ‘डिटॅच’. दोहोंतहि कागद वेगळा झाला. भेद आहे तो वेगळें झाल्यानंतर दोघांची स्थिति काय राहिली यांत. छापील नमुन्यावर इंग्रजींत ‘डिटॅच’ असतें तेथें मराठींत पुष्कळदां ‘येथून फाडावें’ असें छापलेलें आढळतें. काम भागतें, परंतु अर्थ फाटतो.

छिद्रांची ही युक्ति आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यामागें कोणी डोकें चालविलें असेल हें मनांतहि येत नाहीं. १८४० सालीं इंग्लंडांत ‘पेनी ब्लॅक’ हें जगांतील पहिलें चिकटविण्याचें टपालतिकिट निघालें, तेव्हां एका तावावर २४० तिकिटें छापलेलीं असत आणि तीं कात्रीनें कापून घ्यावीं लागत. आपल्याकडे १८५४ सालीं साऱ्या हिंदुस्थानाकरितां निघालेलीं पहिलीं तिकिटेंहि अशींच बिनछिद्रांचीं होतीं. पुढें हेन्री आर्चर नांवाच्या गृहस्थानें तावावर बारीक छिद्रांच्या ओळी पाडणारें यंत्र योजिलें, आणि १८५४ पासून इंग्लंडांतील तिकिटें छिद्रांसह निघूं लागलीं. या युक्तींतच आमच्या क्रियापदाचें मर्म सांठविलेलें आहे. जोडतांनाच सोडण्याची सोय करून ठेवावयाची. जेथून सुटावयाचें ती रेघ आधीं आंखून तेथला जोड मुद्दाम हलका ठेवावयाचा. आणि वेळ आली म्हणजे दोन्ही बाजूंस इजा न होतां विलग व्हावयाचें.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. वेगळें करण्याच्या क्रियापदांत मराठी दरिद्री नाहीं. तिच्या घरीं या बाबतींत चंगळच आहे. शिवण उसवते, गांठ सुटते, फूल खुडतात, शेंग तोडतात, रोप उपटतात, साल सोलतात, कुलूप उचकटतात, बैल सोडतात. या यादीकडे जरा लक्ष देऊन पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. मराठी विचारते, ‘वस्तु कशी जोडलेली होती?’ शिवून, बांधून, देंठानें कीं मुळानें? त्याप्रमाणें ती क्रियापद बदलते. इंग्रजी ‘डिटॅच’ हें विचारीतच नाहीं. आंकडा असो, दोरी असो, डिंक असो, त्यास सारखेंच. त्याचा प्रश्न निराळा आहे: ‘सुटल्यावर दोघें धड राहिलीं ना?’ म्हणूनच एका मराठी शब्दांत त्याचें भाषांतर होत नाहीं. प्रसंग पाहून शब्द निवडावा लागतो. तथापि सर्वांत जवळचा कोणता, असें कोणी विचारलें तर आम्ही ‘सोडणें’ हाच सांगूं, आणि सर्वांत दूरचा ‘तोडणें’.

गंमत अशी कीं हीं दोन क्रियापदें रूपानें जुळीं आहेत. ‘सुटणें’ पासून ‘सोडणें’, ‘तुटणें’ पासून ‘तोडणें’, तसेंच ‘फुटणें’ पासून ‘फोडणें’. आपोआप घडणाऱ्या क्रियेंत उकार आणि टकार. कोणी कर्ता उभा राहिला कीं उकाराचा ओकार आणि टकाराचा डकार. संस्कृत शिकलेल्यास येथें गुणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अशीं एकाच सांच्यांतून निघालेलीं दोन क्रियापदें. पण एकानें गांठ मोकळी होते आणि दुसऱ्यानें दोरी निकामी होते. अक्षर एकच बदललें आहे, परिणाम मात्र उलटा झाला आहे.

या क्रियापदाच्या प्रयोगांत आणखी एक बारकावा आहे. त्याच्यामागून ‘फ्रॉम’ येतें, म्हणजे आपली पंचमी. जें लहान, जें हालतें, तें कर्म. आणि जें मोठें, जें जागेवर राहतें, त्यास ‘फ्रॉम’. बटण कोटापासून ‘डिटॅच’ होतें. कोट बटणापासून ‘डिटॅच’ झाला असें इंग्रज म्हणणार नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत अपादानाचें लक्षण केलें आहे तें हेंच: वियोग होत असतां जें ध्रुव म्हणजे स्थिर राहतें तें अपादान, आणि त्याची पंचमी. यावर विद्यार्थी हटकून शंका काढीत. सिद्धान्तकौमुदींत तर धांवत्या घोड्यावरून पडणाऱ्या माणसाचें उदाहरण दिलें आहे. धांवता घोडा स्थिर कसा? उत्तर असें कीं घोडा धांवत असला तरी पडण्याच्या त्या क्रियेपुरता तोच ठरलेला आधार होय. माणूस कोठून पडला, हें घोड्यावांचून सांगतां येत नाहीं. वियोगांतहि एक ध्रुव लागतो, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. जें सुटतें त्याची ओळख तें कशापासून सुटलें यावरून राहते.

शब्दाचें कुळ पाहिलें तर तेंहि हेंच सांगतें. हें क्रियापद इंग्रजींत आलें तें फ्रेंचांतून. ‘अटॅच’ हा त्याचा जोडीदार. जुन्या फ्रेंचांत खुंट किंवा मेख अशा अर्थाचा जो शब्द होता त्याच्याशीं याचें नातें आहे, आणि इंग्रजी ‘स्टेक’ म्हणजे खुंट हा त्याच घराण्यांतला. म्हणजे ‘अटॅच’ हें मुळांत खुंटाला बांधणें, आणि ‘डिटॅच’ हें खुंटावरून सोडणें. हें समजावून सांगण्यास आमच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना कोश लागत नसे. सकाळीं दावें सोडलें कीं गाय रानांत जाते आणि सांजवेळीं आपल्या पायांनीं त्याच खुंटाशीं येऊन उभी राहते. दावें तोडून गेलेल्या गाईची गोष्ट वेगळी. तिला शोधण्यास माणसें धाडावीं लागतात. मात्र व्युत्पत्तीच्या नादानें प्रयोग विसरूं नये. कोर्टाच्या भाषेंत ‘अटॅच’ म्हणजे मालमत्तेवर टाच आणणें. पण पैसे फिटून टाच उठली तर तिला ‘डिटॅच’ म्हणत नाहींत. शब्दाचें कुळ एक सांगतें आणि वहिवाट दुसरें सांगते, तेव्हां वहिवाटीचें ऐकावें.

या वहिवाटीचा उत्तम नमुना आपल्या घाटांत पाहावयास मिळतो. १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट असा अवघड. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात, तीं गाडीला घाट चढवितात, आणि लोणावळें आलें म्हणजे त्यांना सोडून देतात. कारभाराच्या भाषेंत हें सोडणें म्हणजे ‘डिटॅच’. आंकडा काढण्याच्या क्रियेस ‘अनकपल’ असा निराळा शब्द आहे. तो सांध्याविषयीं बोलतो. ‘डिटॅच’ हा गाडींतून इंजिन कमी झाल्याविषयीं बोलतो. लोणावळ्यास गाडी पुढें जाते, इंजिन मागें राहतें. दोघांपैकीं कोणाचेंहि कांहीं मोडलेलें नसतें, आणि इंजिन पुढच्या गाडीसाठीं मोकळें झालेलें असतें. सैन्यांतील ‘डिटॅचमेंट’ ही अशीच. मुख्य पलटणींतून एखाद्या कामगिरीसाठीं वेगळी काढलेली ती तुकडी. तळ निराळा पडला तरी तिचें नांव मूळ पलटणीच्या पटावर राहतें. पळून गेलेल्या शिपायांना कोणी ‘डिटॅचमेंट’ म्हणत नाहीं.

येथवरचें विवेचन वर्गांतलें झालें. परंतु दोन वर्षांपूर्वीं हाच शब्द आमच्या घरांत निराळ्या वेषानें आला. सौभाग्यवतींनीं एके दिवशीं सकाळीं परडींतलीं फुलें निवडतांना म्हटलें, ‘अहो, उजव्या डोळ्यांत कालपासून विजा चमकल्यासारखें होतें आहे. आणि आतां कडेकडून काळा पडदा सरकतो आहे.’ डोळा दुखत नव्हता, लाल झालेला नव्हता. त्यामुळें उद्यां पाहूं असें सहज म्हटलें गेलें असतें. सुदैवानें शेजारच्या डॉक्टरांनीं तसें होऊं दिलें नाहीं. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं ‘रेटिना डिटॅच’ झाली आहे, दृष्टिपटल सुटलें आहे, आणि आजच्या आज मोठ्या शहरांत नेलें पाहिजे.

त्या शब्दासरशीं आमचे हातपाय गळाले, हें खरें. परंतु मोटारींत बसल्यावर मन त्याच शब्दाभोंवतीं फिरूं लागलें. नेत्रवैद्यांनीं तो किती नेमका वापरला होता हें पुढें त्यांच्याच तोंडून कळलें. डोळ्याच्या आंतील भिंतीस दृष्टिपटल लागून असतें. वयपरत्वें डोळ्यांतील पारदर्शक बलक आकसतो आणि तो ओढला जातांना कधीं कधीं पटलास बारीक भोंक पाडतो. हें झालें फाटणें. मग त्या भोंकांतून पाणी मागें झिरपतें आणि पटल भिंतीपासून उचललें जातें. हें झालें सुटणें. पहिल्यास ते ‘टेअर’ म्हणतात आणि दुसऱ्यास ‘डिटॅचमेंट’. फाटण्याची जागा तिळाएवढी असते, पण सुटण्याचें क्षेत्र तासातासानें वाढूं शकतें. ज्यांचा चष्मा उणे अंकाचा आणि मोठा आहे, ज्यांचें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालें आहे, ज्यांच्या डोळ्यास मार लागला आहे किंवा ज्यांच्या घराण्यांत हा विकार आहे, त्यांस याचें भय अधिक. विजा चमकणें, काळे ठिपके एकाएकीं वाढणें, पडदा सरकणें, हीं लक्षणें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं, आणि वेदना नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये.

‘सुटलेलें पटल पुन्हां जोडतां येतें,’ असें नेत्रवैद्य म्हणाले. आणि आमच्या क्रियापदाची सारी आशा त्या एका वाक्यांत होती. परंतु लगेच त्यांनीं पुस्तीहि जोडली कीं त्यास मुदत आहे. पटलाच्या बाहेरच्या थराचें पोषण पाठीमागच्या भिंतींतील रक्तवाहिन्यांतून होतें; तेथून तें फार दिवस दूर राहिलें तर धड दिसत असूनहि आंतून मरूं लागतें. पावती सुटून कायमची जाऊं शकते, कारण तिचें पोषण पुस्तकावर होत नाहीं. पटलाचें तसें नाहीं. एक शतकापूर्वीं या विकारांत बहुधा दृष्टि जातच असे. स्वित्झर्लंडांतील लोझान येथील झ्यूल गोनँ या नेत्रवैद्यानें १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं मूळ भोंक शोधून तें बंद केलें तर पटल पुन्हां जागेवर बसतें. आजचीं सारीं शस्त्रकर्में त्याच तत्त्वावर चालतात.

दुसऱ्या दिवशीं शस्त्रकर्म झालें. डोळ्यांतील बलक काढून आंत वायूचा बुडबुडा सोडला. तो वर चढून पटलास भिंतीशीं दाबून धरतो. त्याकरितां सौभाग्यवतींना कित्येक दिवस मान खालीं घालून राहावें लागलें. जेवतांना, बसतांना, निजतांनाहि. वायु विरेपर्यंत विमानांत बसण्याची सक्त मनाई. आमचे चिरंजीव बंगळुरास नोकरीस असतात. ते त्याच रात्रीं निघून आले. ते तिकडे बिऱ्हाड करून राहिले तेव्हां आमच्या आळींतील एक वडीलधारे गृहस्थ कळवळून म्हणाले होते, ‘मास्तर, तुमचा मुलगा तुटला हो.’ त्या मुलानें दहा रात्री आईच्या उशाशीं बसून काढल्या. ती झोपेंत कुशीवर वळूं लागली कीं हलक्या हातानें तिला पूर्ववत् करावें, आणि घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घालावे. अकराव्या दिवशीं तो आपल्या कामावर परत गेला. आम्ही त्याला स्थानकावर पोंचवून आलों. मनांत लोणावळ्याचें इंजिन होतें. सौभाग्यवतींची दृष्टि पूर्वीइतकी लख्ख नसली तरी त्या पोथी वाचतात, सुईंत दोरा ओंवतात.

त्या दहा दिवसांत या शब्दाची आणखी एक बाजू आम्ही जवळून पाहिली, ती मनाची. इंग्रजींत वैराग्यासहि ‘डिटॅचमेंट’ म्हणतात. आपल्याकडे या एका भावास किती नांवें आहेत, आणि प्रत्येकाचें चित्र निराळें! विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. अलिप्त म्हणजे ज्यास लेप लागला नाहीं तो. अनासक्त म्हणजे जो चिकटला नाहीं तो. तटस्थ म्हणजे जो कांठावर उभा आहे तो. उदासीन म्हणजे जो वर, बाजूस बसला आहे तो. गीतेनें उदासीन हें विशेषण भक्ताच्या गुणांत घातलें आहे. परंतु आमच्या मराठींत त्याच शब्दाचें ‘उदास’ झालें, आणि उदास म्हणजे खिन्न, दुःखी! इंग्रजींतहि ‘डिटॅच्ड’ मनुष्य म्हणजे थंड, कोरडा मनुष्य, असा अर्थ कित्येकदां निघतो. दोन दूरच्या भाषांत एकाच शब्दाची एकाच दिशेनें घसरण व्हावी, हें विचार करण्याजोगें आहे. ज्याचें मन चिकटलेलें नाहीं त्याला मनच नाहीं, अशी जगाची समजूत दिसते.

ही समजूत खोटी आहे, हें आम्हीं शस्त्रकर्माच्या खोलीबाहेर बसून जाणलें. आंत जो वैद्य सौभाग्यवतींच्या डोळ्यावर सुई चालवीत होता, त्याचें मन आमच्यासारखें कांपत असतें तर काय झालें असतें? तो अलिप्त होता म्हणून त्याचा हात स्थिर होता; आणि हात स्थिर होता म्हणून सुटलेलें जोडलें गेलें. काळजी आम्हांसहि होती आणि त्यासहि होती. आमची काळजी आम्हांस चिकटून बसली होती, त्याची कामास लागली होती. गांधीजींनीं गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादास ‘अनासक्तियोग’ हें नांव दिलें. तो अनुवाद १९३० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच सालीं ते दांडीच्या यात्रेस निघाले. अनासक्ति म्हणजे हातपाय जोडून बसणें नव्हे, हें यावरून उघड आहे.

ऋग्वेदांतील मृत्युंजय मंत्र आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं म्हटला जातो. त्यांत उर्वारुक या वेलफळाची उपमा आहे, धातु ‘मुच्’ आहे, आणि बंधन या पदास पंचमी आहे. पाणिनीचें अपादान आणि इंग्रजांचें ‘फ्रॉम’ दोन्ही तेथें आहेत. आमच्या घरामागें वाळूमिश्र जमिनींत खरबुजाचा वेल आम्ही लावीत असूं. खरबूज पिकलें म्हणजे देंठापाशीं आपोआप सुटतें. हात लावला तरी पुरे. तेंच कच्चें असतांना ओढलें तर वेलहि हिसकून येतो आणि फळहि फुकट जातें. पिकणें आणि सुटणें या तेथें दोन क्रिया नाहींतच. देंठापाशीं जोड हलका होत जातो तो फळ पुरें भरत आल्यामुळें.

मुलांचीं बिऱ्हाडें वेगळीं होणें, नोकरीचा पट मागें राहणें, आणि पुढें यथाकाल या देहाचेंहि सुटणें, हे प्रसंग आमच्या वयाच्या वाचकांस चुकलेले नाहींत. त्या प्रत्येक प्रसंगीं जें घडतें तें सुटणें कीं तुटणें, हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतें. दोघेंहि धड राहिलीं काय, पुन्हां जोडण्यास वाट राहिली काय, आणि एकाचें पोषण दुसऱ्यावर असेल तर मुदत टळली नाहीं ना, हे तीन प्रश्न विचारून पाहावे. चिरंजीवांच्या आईनें हें आमच्याहून थोडक्यांत सांगितलें. तेच वडीलधारे गृहस्थ परवां समाचारास आले आणि मुलाविषयीं पुन्हां तेंच म्हणूं लागले. तेव्हां ती चष्मा पुसतां पुसतां म्हणाली, ‘तुटला नाहीं हो भाऊ. आम्हींच सोडला आहे त्याला. येतो तो.’